कापूर जाळून त्याचे सूत्र कसे काढतात?

अकरावीच्या रसायनशास्त्रात एक उदाहरण हमखास येते. एक अनोळखी पदार्थ भरपूर ऑक्सिजनमध्ये पूर्ण जाळला, त्यापासून इतका कार्बन डायऑक्साइड आणि इतके पाणी मिळाले, तर त्या पदार्थाचे सूत्र काढा. विद्यार्थी १२ ने गुणतात, ४४ ने भागतात, उत्तर मागे छापलेल्या उत्तराशी जुळते आणि पान उलटले जाते. जो पदार्थ जळून नाहीसा झाला, त्याची घडण त्याच्या वायूंवरून कशी कळू शकते, हा मूळ प्रश्न मात्र मनात तसाच राहतो. घरी मुलांचा अभ्यास घेणारे आईवडीलही तिथेच अडतात. त्यात त्यांचा काही दोष नाही, कारण पुस्तकातली कृती पायऱ्या सांगते, त्या पायऱ्यांमागचे कारण फारसे सांगत नाही.

हा लेख त्या कारणासाठी आहे. उदाहरणाला कापूर घेतला आहे. तो प्रत्येकाने जळताना पाहिला आहे, शुद्ध असेल तर तो मागे राख ठेवत नाही, आणि त्याच्या घडणीने एकोणिसाव्या शतकातल्या रसायनशास्त्रज्ञांना कित्येक दशके झुलवले आहे.

तबकातला कापूर काय सांगतो

कापराची ज्योत पिवळी आणि धुरकट असते. तिच्यावर स्टीलचे झाकण धरले तर क्षणात काळी काजळी धरते. तो न जळलेला कार्बन. ज्योतीच्या जरा वर काचेचा थंड, कोरडा पेला उपडा धरला तर त्याच्या आतल्या बाजूला धुके येते आणि लगेच विरते, ते पाणी. त्याच पेल्यात थोडी चुन्याची निवळी घालून हलवली तर ती दुधाळ होते. ती कार्बन डायऑक्साइडची खूण. कापराची वडी तर कोरडी ठणठणीत होती, मग पाणी कुठून आले? कापरात पाणी नव्हते, पण हायड्रोजन होता, आणि जळताना त्याला हवेतला ऑक्सिजन मिळून त्याचे पाणी झाले. तसेच कापरातल्या कार्बनला ऑक्सिजन मिळून कार्बन डायऑक्साइड झाला.

सगळी पद्धत या दोन वाक्यांवर उभी आहे. जळणे म्हणजे नाहीसे होणे नव्हे. लव्हाझिए या फ्रेंच शास्त्रज्ञाने अठराव्या शतकाच्या अखेरीस तराजू लावून हे पटवून दिले, आणि शाळेत आपण ते द्रव्य अक्षय्यतेचा नियम म्हणून शिकतो. ज्वलन पूर्ण झाले असेल तर पदार्थातला कार्बनचा प्रत्येक अणू कार्बन डायऑक्साइडमध्ये सापडला पाहिजे आणि हायड्रोजनचा प्रत्येक अणू पाण्यात. हे दोन्ही वेगवेगळे पकडून तोलता आले की हिशेब सुरू करता येतो. या कामाला ज्वलन विश्लेषण म्हणतात, आणि त्यातून जे हाती येते त्याला सरलतम सूत्र. सरलतम सूत्र म्हणजे पदार्थातील निरनिराळ्या अणूंच्या संख्यांचे लहानात लहान पूर्णांकी प्रमाण. इंग्रजी माध्यमातली मुले त्यालाच एम्पिरिकल फॉर्म्युला म्हणतात.

वजनावरून संख्या: विड्यांचा हिशेब

अणू मोजता येत नाहीत, तोलता येतात, आणि तेही कोट्यवधींच्या ढिगानेच. म्हणून वजनावरून संख्येकडे कसे जायचे, हे आधी पाहू.

समजा लग्नघरी विडे बांधले आहेत. प्रत्येक विड्यात दोन पाने, एक सुपारी आणि एक लवंग आहे, पण हे आपल्याला ठाऊक नाही. कुणीतरी सगळे विडे सोडले आणि पानांचा, सुपाऱ्यांचा, लवंगांचा असे तीन ढीग केले. पानांचा ढीग १२० ग्रॅम भरला, सुपाऱ्यांचा १०० ग्रॅम, लवंगांचा २ ग्रॅम. नुसत्या वजनांवरून पाहिले तर विड्यात लवंग जवळजवळ नव्हतीच असे वाटेल. पण एक पान ३ ग्रॅमचे, एक सुपारी ५ ग्रॅमची आणि एक लवंग एक दशांश ग्रॅमची आहे हे माहीत असेल, तर पाने ४०, सुपाऱ्या २० आणि लवंगा २० असा हिशेब लागतो, आणि विड्यातले प्रमाण २:१:१ हे समोर येते.

रसायनशास्त्रज्ञ हेच करतो. कार्बनचा अणू हायड्रोजनच्या अणूच्या सुमारे १२ पट जड आहे आणि ऑक्सिजनचा १६ पट. म्हणून १२ ग्रॅम कार्बन, १ ग्रॅम हायड्रोजन आणि १६ ग्रॅम ऑक्सिजन यांत अणूंची संख्या सारखीच असते, आणि त्या ठरावीक संख्येला मोल म्हणतात. डझन म्हटले की १२ नग, तसे मोल म्हटले की अणूंचा एक ठरलेला, अतिप्रचंड गठ्ठा. मिलिमोल हा त्याचा हजारावा भाग. एखाद्या मूलद्रव्याचे मिलिग्रॅममधले वजन त्याच्या अणुवस्तुमानाने (कार्बनचे १२, हायड्रोजनचे १, ऑक्सिजनचे १६) भागले की मिलिमोल मिळतात. पानांच्या ढिगाला ३ ने भागण्यात आणि कार्बनच्या वजनाला १२ ने भागण्यात तत्त्वतः काहीच फरक नाही.

इथे एक रास्त शंका येते: एका अणूचे वजनच चुकीचे धरले असेल तर? तर उत्तर चुकते, आणि हे प्रत्यक्ष घडलेले आहे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात काही जण कार्बनचे अणुवस्तुमान ६ धरत होते, तर काही १२. पान दीड ग्रॅमचे धरले की पानांची संख्या दुप्पट होते, तशी कार्बनची संख्याही दुप्पट होत होती, आणि एकाच पदार्थाची निरनिराळी सूत्रे छापली जात होती. १८६० साली जर्मनीतील कार्लस्रुहे येथे रसायनशास्त्रज्ञांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली, ती मुख्यतः याच गोंधळामुळे. तिथे इटलीच्या कॅनिझारोने अणुवस्तुमाने ठरवण्याची सुसंगत रीत मांडली, आणि पुढच्या काही वर्षांत हा घोळ निवळत गेला.

आकडे मांडून पाहू

आता कापूर. २०० मिलिग्रॅम शुद्ध कापूर पूर्ण जाळला तर सुमारे ५७९ मिलिग्रॅम कार्बन डायऑक्साइड आणि १८९.५ मिलिग्रॅम पाणी मिळायला हवे. (हे आकडे मी कापराच्या ज्ञात सूत्रावरून उलट काढले आहेत, सूत्र माहीत नाही असे धरून आपण ते सुलट सोडवू.)

कार्बन डायऑक्साइडच्या रेणूत कार्बनचा एक अणू आणि ऑक्सिजनचे दोन, म्हणजे १२ आणि ३२ मिळून ४४. त्याच्या दर ४४ भागांत १२ भाग कार्बन असतो, मग तो वायू कापरातून आलेला असो, कोळशातून असो की आपल्या श्वासातून. ५७९ ला १२ ने गुणून ४४ ने भागले की १५७.९ मिलिग्रॅम कार्बन मिळतो. पाण्याच्या दर १८ भागांत २ भाग हायड्रोजन, म्हणजे नववा हिस्सा, १८९.५ चा नववा हिस्सा २१.०६ मिलिग्रॅम. कार्बन आणि हायड्रोजन मिळून १७८.९६ मिलिग्रॅम झाले, पण कापूर तर २०० मिलिग्रॅम होता. उरलेले सुमारे २१.०४ मिलिग्रॅम ऑक्सिजनच्या खात्यात जातात. हा उरलेला आकडा लक्षात ठेवावा; सगळी नाजूक गोष्ट त्यातच आहे.

आता प्रत्येक वजन आपापल्या अणुवस्तुमानाने भागू. कार्बन १३.१६ मिलिमोल, हायड्रोजन २१.०६ मिलिमोल, ऑक्सिजन १.३१५ मिलिमोल. तिघांना सर्वांत लहान संख्येने, म्हणजे १.३१५ ने भागले की कार्बन १०.०, हायड्रोजन १६.० आणि ऑक्सिजन १. कापराचे सरलतम सूत्र मिळाले: १० कार्बन, १६ हायड्रोजन, १ ऑक्सिजन.

विड्याच्या उदाहरणातली लवंग इथे पुन्हा पाहावी. हायड्रोजन वजनाने जेमतेम साडेदहा टक्के आहे, पण संख्येने तो कार्बनपेक्षाही अधिक आहे. 'कापरात ७९ टक्के कार्बन आहे' हे विधान खरे असूनही कापराच्या घडणीबद्दल किती कमी सांगते, हे यावरून दिसते.

२०० चे ७६८ कसे झाले?

वर्गात हुशार मुले हा प्रश्न विचारतात, आणि तो विचारलाच पाहिजे. कापूर २०० मिलिग्रॅम होता. वायू आणि पाणी मिळून साडेसातशेच्या वर, ७६८.५ मिलिग्रॅम भरले. द्रव्य अक्षय्य असेल तर हे जास्तीचे वजन आले कुठून? ते बाहेरून घेतलेल्या ऑक्सिजनचे आहे. ५६८.५ मिलिग्रॅम ऑक्सिजन ज्वलनात वापरला गेला आणि तो कापराच्या कार्बनला व हायड्रोजनला चिकटून बाहेर पडला. जळण हलके होते हा आपला रोजचा अनुभव फसवा आहे, कारण चुलीत आपण राख तेवढी पाहतो आणि धुराड्यातून गेलेले तोलत नाही.

ऑक्सिजन वजाबाकीने का काढावा लागतो, तेही यातून कळते. विडे सोडणाऱ्याने प्रत्येक पानाला बाहेरच्या परडीतल्या दोन लवंगा टोचून दिल्या, तर शेवटी हाती येणाऱ्या लवंगांपैकी विड्यातल्या कोणत्या आणि परडीतल्या कोणत्या हे ओळखण्याचा मार्ग उरत नाही. ऑक्सिजनच्या अणूवर 'मी कापरातला' अशी खूण नसते. म्हणून मूळ वजनातून बाकी सगळे वजा करून जे उरेल ते त्याचे, एवढाच मार्ग उरतो.

पण या वजाबाकीला एक अट आहे. पदार्थात कार्बन, हायड्रोजन आणि ऑक्सिजन सोडून दुसरे काही नाही, हे आधी माहीत असले पाहिजे. नायट्रोजन किंवा गंधक असेल आणि आपल्या लक्षात आले नसेल, तर त्याचे वजनही ऑक्सिजनच्या नावावर चढेल आणि सूत्र साफ चुकेल. म्हणून ज्वलनापूर्वी पदार्थ सोडिअमबरोबर तापवून लासेन चाचणी करण्याची पद्धत आहे. बारावीच्या प्रयोगवहीत ती असते. ती तिथे सुटी, कंटाळवाणी वाटते, पण या वजाबाकीला आधार तीच देते.

काजळीचे काय?

तबकातल्या कापराने झाकणावर काजळी धरली होती. जेवढी काजळी, तेवढा कार्बन हिशेबातून निसटला. उघड्या हवेत जाळलेल्या कापरावरून सूत्र काढणे म्हणूनच शक्य नाही. अपुऱ्या ऑक्सिजनमध्ये कार्बन मोनॉक्साइडही होतो, आणि तो पकडणाऱ्या नळीत अडकतच नाही.

यावर सापडलेला उपाय फार सुंदर आहे. काचेच्या लांब नळीत पदार्थाच्या पुढे काळे कॉपर ऑक्साइड भरून ते लालबुंद तापवतात. अर्धवट जळालेली वाफ त्याच्यावरून जाते, तेव्हा ते स्वतःचा ऑक्सिजन देऊन तिचे ज्वलन पूर्ण करते, आणि काळे ऑक्साइड जिथे खर्ची पडले तिथे तांब्याचा लालसर रंग दिसू लागतो. पुढे दोन शोषक असतात. पहिल्या नळीत कॅल्शिअम क्लोराइड, जे पाणी धरून ठेवते. दुसऱ्या भांड्यात पोटॅशिअम हायड्रॉक्साइडचे द्रावण, जे कार्बन डायऑक्साइड शोषते. प्रयोगाच्या आधी आणि नंतर दोन्ही तोलायची. वाढलेले वजन म्हणजे पकडलेले पाणी आणि पकडलेला वायू. हा क्रम उलटा करून चालत नाही, कारण वायूबरोबर आलेली वाफ मग द्रावणातच राहील आणि पाण्याचे वजन कार्बनच्या खात्यात जमा होईल.

यातले दुसरे भांडे रसायनशास्त्राच्या इतिहासात अमर झाले. जर्मनीतल्या गीसेन येथे शिकवणाऱ्या युस्टुस फॉन लीबिगने ते १८३१ साली प्रसिद्ध केले: त्रिकोणात वळवलेली काचेची नळी आणि तिच्यावर पाच फुगे. वायू एका फुग्यातून दुसऱ्या फुग्यात बुडबुडत जातो, त्यामुळे द्रावणाशी त्याचा भरपूर वेळ संपर्क राहतो. शिवाय बुडबुड्यांच्या वेगावरून ज्वलन किती जोरात चालले आहे हे डोळ्यांना दिसते, आणि निखारे मागेपुढे करून ते आवरता येते. त्याआधी हे काम निष्णात माणसालाही जिकिरीचे होते. लीबिगच्या उपकरणामुळे ते विद्यार्थ्यांच्या आवाक्यात आले. अमेरिकन केमिकल सोसायटीच्या बोधचिन्हात ही पाच फुग्यांची नळी आजही आहे. मला ती अतिशय आवडते, कारण महागडे यंत्र नसताना, फुंकलेली काच आणि चांगला तराजू यांच्या बळावर माणसाने पदार्थाच्या अणूंचे प्रमाण काढले.

कापराच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे आणि ती कुणाही गृहिणीला पटेल. उघड्यावर ठेवलेला कापूर उडून जातो. घरात आपण त्याच्याबरोबर मिरे किंवा लवंगा ठेवतो. प्रयोगशाळेत तराजूवर ठेवलेला कापूर तोलता तोलताच हलका होत असतो. तोलल्यानंतर काही मिलिग्रॅम उडाला, तर वायू कमी मिळतील आणि उणीव ऑक्सिजनच्या नावावर जाईल. म्हणून असा पदार्थ बंद कुपीत तोलावा लागतो. तापवतानाही घाई चालत नाही. वाफेचा लोट एकदम उठला तर तो कॉपर ऑक्साइडवरून न जळताच पुढे निघून जातो.

एवढ्याशा चुकीने काय बिघडते?

खूप बिघडते, आणि पुस्तकातली उदाहरणे हे लपवतात, कारण तिथले आकडे बेतलेले असतात. विड्यांचा हिशेब पुन्हा घेऊ. एकूण वजन २२२ ग्रॅम. पानांचा ढीग चुकून १२० ऐवजी ११९ ग्रॅम तोलला आणि लवंगा वजाबाकीने काढल्या, तर त्या २ ऐवजी ३ ग्रॅम निघतील, म्हणजे २० च्या ३०. पानांत एक टक्क्याहून कमी चूक, लवंगांत पन्नास टक्के. वजाबाकीने काढलेल्या लहान आकड्यावर सगळ्यांच्या चुका येऊन साठतात.

कापराचेही तसेच. समजा कार्बन डायऑक्साइड ५७९ ऐवजी ५७३ मिलिग्रॅम मिळाला. थोडी काजळी झाली किंवा थोडा वायू निसटला, आणि चूक फक्त एका टक्क्याची आहे. कार्बन १५६.३ मिलिग्रॅम होतो, ऑक्सिजन २१ वरून २२.७ वर चढतो, आणि प्रमाण निघते कार्बन ९.२, हायड्रोजन १४.९, ऑक्सिजन १. विद्यार्थी सरळपणे ९, १५, १ असे लिहून मोकळा होईल. एका टक्क्याच्या चुकीने कापराचा एक कार्बन आणि एक हायड्रोजन हरवला.

या चुकीच्या सूत्रात एक ठसठशीत खूण मात्र राहून जाते. केवळ कार्बन, हायड्रोजन आणि ऑक्सिजन असलेल्या सामान्य, स्थिर रेणूत हायड्रोजनची संख्या सम असते. कार्बनची संयुजा, म्हणजे इतर अणूंशी जोडले जाण्याची क्षमता, चार आणि ऑक्सिजनची दोन असल्याचा तो थेट परिणाम आहे. १५ हायड्रोजन दिसले की एकतर रेणू निदान दुप्पट मोठा आहे, नाहीतर तोलण्यात गडबड आहे.

म्हणूनच व्यवहारात रसायनशास्त्रज्ञ प्रमाण काढून जवळच्या पूर्णांकावर उडी मारत नाहीत. ते अपेक्षित सूत्राची टक्केवारी आधी मांडतात आणि मोजलेली टक्केवारी तिच्याशी ताडून पाहतात. नवीन संयुगाचा शोधनिबंध स्वीकारताना मोजलेला आणि अपेक्षित आकडा यांत ०.४ टक्क्याहून जास्त तफावत नसावी, असा दंडक अनेक नियतकालिकांनी दीर्घकाळ पाळला आहे. आपल्या चुकीच्या मोजणीत कार्बन ७८.१ टक्के आला. कापरात तो ७८.९ टक्के हवा. तफावत ०.८ टक्के, म्हणजे मोजणी नापास.

पूर्णांक आलाच नाही तर?

काही वेळा मोजणी चोख असूनही शेवटचे आकडे पूर्ण येत नाहीत. आवळ्यातल्या आणि लिंबातल्या क जीवनसत्त्वाचे ज्वलन विश्लेषण केले तर कार्बन १, हायड्रोजन १.३३, ऑक्सिजन १ असे प्रमाण येते. १.३३ चा १ करून टाकणे ही इथली नेहमीची चूक. १.३३ म्हणजे चार तृतीयांश, म्हणून तिघांनाही ३ ने गुणावे: ३, ४, ३. शेवटी १.५ दिसले तर २ ने, १.२५ दिसले तर ४ ने. अणू अर्धा किंवा पाव असत नाही, एवढेच त्यामागचे कारण.

सरलतम सूत्र म्हणजे पूर्ण सूत्र नव्हे

क जीवनसत्त्वाचे खरे रेणुसूत्र ३, ४, ३ नाही. ते ६, ८, ६ आहे. ज्वलनाला हा फरक कधीच दिसत नाही. दोन-दोन विडे एकत्र बांधून ठेवले असते तरी सोडल्यावर ढीग तेच झाले असते.

याचे सर्वांत बोलके उदाहरण स्वयंपाकघरातच आहे. व्हिनेगरमधले ॲसिटिक आम्ल, दह्याला आंबटपणा देणारे लॅक्टिक आम्ल आणि द्राक्षातले ग्लुकोज, हे तिन्ही शुद्ध स्वरूपात जाळले तर तिन्हींत कार्बन ४० टक्के, हायड्रोजन ६.७ टक्के आणि ऑक्सिजन ५३.३ टक्के येतो. फॉर्मलीन ज्यापासून करतात त्या विषारी फॉर्माल्डिहाइडचेही तसेच. चौघांचे सरलतम सूत्र एकच: १, २, १. वेगळे आहे ते रेणूचे एकूण वजन: फॉर्माल्डिहाइड ३०, ॲसिटिक आम्ल ६०, लॅक्टिक आम्ल ९०, ग्लुकोज १८०. सरलतम सूत्राचे वजन ३०. ते किती पट घ्यायचे हे ठरवायला रेणुवस्तुमान दुसऱ्या मार्गाने काढावेच लागते.

आज ते वस्तुमान-वर्णपटमापक या यंत्राने निघते. पूर्वी पदार्थाच्या वाफेची घनता मोजून काढत, किंवा तो एखाद्या द्रावकात विरघळवून द्रावकाचा गोठणबिंदू किती खाली आला यावरून. या दुसऱ्या रीतीत आपला कापूर पुन्हा भेटतो. एक किलो पाण्यात एक मोल पदार्थ विरघळला तर गोठणबिंदू १.८६ अंशांनी उतरतो; वितळलेल्या कापरात तोच उतार जवळजवळ ४० अंशांचा असतो. एवढा मोठा फरक साध्या तापमापीवरही वाचता येतो. कार्ल रास्ट यांनी १९२२ साली ही रीत मांडली, आणि पुढे कित्येक वर्षे दुसऱ्या पदार्थांची रेणुवस्तुमाने कापराच्या मदतीने ठरत राहिली.

आता यंत्र हे करते, मग काय बदलले?

तत्त्व बदलले नाही, नमुना लहान झाला. लीबिगला अर्ध्या ग्रॅमच्या आसपास पदार्थ लागे. ऑस्ट्रियाच्या फ्रिट्झ प्रेग्लला पित्तातील आम्लांच्या कामात पदार्थ इतका थोडा मिळत होता, की त्याने पद्धतच सूक्ष्म करायचे ठरवले आणि तीन ते पाच मिलिग्रॅमवर विश्लेषण करून दाखवले. १९२३ चे रसायनशास्त्राचे नोबेल त्याला याच कामासाठी मिळाले. आजच्या यंत्रात दोन-तीन मिलिग्रॅम नमुना कथिलाच्या इवल्या कुपीत बंद करून तापलेल्या भट्टीत टाकतात. ऑक्सिजनमध्ये कथिल स्वतःही भडकून जळते आणि नमुन्याचे तापमान क्षणभर आणखी चढवते. तयार झालेले वायू हेलियमच्या प्रवाहाबरोबर पुढे जातात, तप्त तांबे नायट्रोजनच्या ऑक्साइडांचे पुन्हा नायट्रोजनमध्ये रूपांतर करते, आणि उष्णतावाहकतेतल्या फरकावरून प्रत्येक वायूचे प्रमाण नोंदले जाते. एका नमुन्याला काही मिनिटे पुरतात.

जाळून नायट्रोजन मोजण्याची रीत फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ द्युमा यांची, १८३० च्या दशकातली, आणि ती आज धान्यातली व दूध भुकटीतली प्रथिने ठरवायला वापरतात. मिळालेला नायट्रोजन ठरावीक गुणकाने, बहुधा ६.२५ ने आणि दुधासाठी ६.३८ ने, गुणला की प्रथिनांचा अंदाज येतो. पण नायट्रोजन प्रथिनातलाच आहे, हे यंत्र सांगत नाही. २००८ साली चीनमध्ये पाणी घातलेल्या दुधात मेलामाइन हे औद्योगिक रसायन मिसळल्याचे उघड झाले; ती भेसळ याच फटीतून सुटत होती. मेलामाइनमध्ये वजनाने दोन तृतीयांश नायट्रोजन असतो, त्यामुळे नायट्रोजनवरून मोजणाऱ्या चाचणीत दूध कसदार दिसत होते. लाखो लहान मुलांच्या मूत्रपिंडांना त्याची झळ बसली आणि काही मुले दगावली. आकडा बरोबर होता. तो ज्या गृहीतावर उभा होता ते खोटे पाडले गेले होते.

मग भीमसेनी कापूर जाळून ओळखता येईल का?

हा प्रश्न बाजारात कापूर घेताना अनेकांना पडतो, आणि त्याचे उत्तर अर्धे हो, अर्धे नाही असे आहे. परंपरेने ज्याला भीमसेनी किंवा बरास कापूर म्हणतात तो बोर्निओ-सुमात्राकडच्या ड्रायोबॅलेनॉप्स वृक्षाचा, आणि त्याचा मुख्य घटक बोर्निऑल. त्याचे सूत्र १० कार्बन, १८ हायड्रोजन, १ ऑक्सिजन, म्हणजे कापरापेक्षा फक्त दोन हायड्रोजन जास्त. २०० मिलिग्रॅम बोर्निऑल जाळले तर पाणी २१० मिलिग्रॅम मिळते, कापरापेक्षा सुमारे २१ मिलिग्रॅम अधिक. हायड्रोजन साडेदहा टक्क्यांऐवजी ११.७ टक्के येतो, आणि ०.४ च्या दंडकाने पाहिले तर हा फरक स्पष्ट आहे. ज्वलन विश्लेषण हे दोन पदार्थ नक्की वेगळे करील.

झाडापासून काढलेला कापूर आणि टर्पेंटाइनपासून कारखान्यात बनवलेला कापूर मात्र ज्वलनाला सारखेच. दोन्हींचे सूत्र एकच आहे. इतकेच नव्हे, अणूंची जोडणीही तीच आहे. फरक उजव्या-डाव्या हातासारखा आहे: कापूरवृक्षाच्या कापरात बहुतांशी एकाच हाताचे रेणू असतात, कारखान्यातल्या कापरात सहसा दोन्ही हातांचे सारख्या संख्येने. तो फरक एकाच प्रतलात कंप पावणारा (ध्रुवित) प्रकाश पदार्थातून जाताना त्याचे प्रतल किती वळते हे मोजून कळतो, जाळून नाही.

याहून आश्चर्याची गोष्ट गवती चहाची आहे. त्याच्या पातीला लिंबासारखा वास देणारे सिट्रल हे द्रव्यही १० कार्बन, १६ हायड्रोजन, १ ऑक्सिजन असेच आहे, आणि त्याचे रेणुवस्तुमानही १५२, कापराइतकेच. सिट्रल पातळ आणि पिवळसर, कापूर पांढरा आणि स्फटिकरूप; वास वेगळा, गुण वेगळे. तरीही दोन्ही जाळल्यावर कार्बन डायऑक्साइड आणि पाणी मिलिग्रॅमला मिलिग्रॅम सारखे मिळेल. घटक तेच, बांधणी वेगळी, अशा पदार्थांना समघटक म्हणतात. १८२० च्या दशकात लीबिगचे सिल्व्हर फल्मिनेट आणि व्होलरचे सिल्व्हर सायनेट यांचे विश्लेषण एकसारखे आले, तेव्हा पहिला समज असा झाला की दोघांपैकी कुणीतरी तोलण्यात चुकले आहे. दोघेही बरोबर होते.

कापराच्या अणूंचे प्रमाण द्युमा यांनी १८३३ साली ज्वलनातून बरोबर ठरवले. ते अणू एकमेकांना कसे जोडलेले आहेत, हे मात्र ज्वलन सांगू शकत नव्हते. एकोणिसाव्या शतकात त्यासाठी अनेक रचना सुचवल्या गेल्या आणि मागे पडल्या. सहा कार्बनचे कडे आणि त्याच्यावरून जाणारा एका कार्बनचा पूल ही खरी रचना युलिउस ब्रेट यांनी मांडली, तेव्हा १८९३ साल उजाडले होते. मधल्या साठ वर्षांत जो कुणी कागदावर कापराचा रेणू रेखाटायला बसला, त्याला आपल्या आकृतीतले अणू आधी मोजून पाहावे लागत होते: कार्बन १०, हायड्रोजन १६, ऑक्सिजन १.